उजवा पाय

पवित्र गुरुवारी पाद्री ज्या बारा माणसांचे पाय धुणार, ती बाराही माणसे घरून पाय धुऊनच येत. नुसते धुऊन नव्हे, घासून. आदल्या संध्याकाळी वाड्यातल्या विहिरींवर काथ्या आणि साबण घेऊन पुरुष बसलेले दिसत आणि बायका त्यांना हसत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा ते धुळीने भरलेले होते, हे आम्हांला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले होते. पण आमच्या गावात पाद्रीसमोर मळका पाय धरणे म्हणजे घराची अब्रू गेली. विधीत फक्त उजवाच पाय धुतात. एका वर्षी रुजार नावाच्या माणसाने उजवा तेवढा घासला आणि डावा तसाच चिखलाचा घेऊन तो खुर्चीवर बसला. मरेपर्यंत लोक त्याला ‘अर्धो शिष्य’ म्हणत.

मी सांगते ती गोष्ट एकोणीसशे एकोणसाठची. मी अकरा वर्षांची होते. मालवणच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी आमचा वाडा होता आणि तिथून पाऊण मैलावर आमची इगर्ज, म्हणजे चर्च. इगर्जीच्या हद्दीत अठ्ठेचाळीस घरे होती. दर वर्षी त्यातल्या बारा घरांची पाळी येई, म्हणजे एका घराला चार वर्षांनी एकदा. पाळी आली की त्या घरातला एक पुरुष वेदीसमोरच्या बारा खुर्च्यांपैकी एकीवर बसे. एवढेच. पण गावात कोण आपला आणि कोण उपरा, हे त्या खुर्चीवरून कळायचे. ज्या घरात बसायला पुरुष उरला नाही, त्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलत.

माझे वडील इनास फर्नांद आगबोटीवर स्वयंपाकी होते. त्यांना मी पापा म्हणत असे. ते त्या खुर्चीवर कधीच बसले नव्हते. आधीच्या पाळ्यांना माझे आजोबा बसले. आजोबा गेल्यानंतरची पाळी आली, तेव्हा पापा कुठल्याशा बंदरात बोटीवर बटाटे सोलत होते आणि त्यांचा धाकटा भाऊ पास्कू बसला. ते मला सांगायचे, “मी मनातल्या मनात मोजत होतंय गो, पोलू. आता पयली खुर्ची, आता दुसरी. बाराव्येर पोचलंय आनी बटाटो खाली ठेवलंय.” माझे नाव आपोलिन. पोलू म्हणणारे आता कोणी उरले नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी पापांचा पाय सुजला. आमच्या किनाऱ्यावर हत्तीरोग नवा नव्हता, पण पापांचा पाय वाढतच गेला. घोट्याजवळ कातडीच्या वळ्या पडल्या आणि त्यांतून चिरा जाऊ लागल्या. कंपनीने घरी पाठवले. तो पाय उजवा होता.

घरी आल्यापासून पापा इगर्जीत सगळ्यांत मागे, दाराजवळच्या दगडी बाकावर बसत. पुढे बसले तर लोकांना ओलांडून जावे लागेल, त्यांना त्रास नको, असे म्हणत. मी त्यांच्यासोबत असे, कारण चालताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा. त्यांना काठी आवडत नसे. रस्त्यात पोरे मला ‘हत्तीचां पिल्लू’ म्हणून चिडवत. पापा ऐकू न आल्यासारखे करत. मला सगळे ऐकू येई.

पापा फार मऊ माणूस. त्यांना रागावलेले मी पाहिले नाही. आमच्या धर्मशिक्षणाच्या बाई सांगत, की सौम्य माणसांना एक दिवस सारी जमीन मिळणार आहे. मी ते घरी येऊन सांगितले, तर आई चुलीजवळून म्हणाली, “हेंका धा गुंठे मेळलेले. ते खाडीन खाल्ल्यान.” आईचे नाव कार्मिण. तिची जीभ कोयत्यासारखी होती. पण पापांचा पाय रोज तीच धुवायची. कडुनिंबाचा पाला उकळून पाणी कोमट करायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने एकेक वळी कोरडी करायची. तेवढा वेळ मात्र ती काही बोलत नसे.

त्या वर्षी आमची पाळी आली. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासांतली गोष्ट. इगर्जीच्या मंडळाचा मुख्य बस्त्यांव आमच्या घरी आला. माणूस वाईट नव्हता. पापांचा लहानपणचा सोबती. बराच वेळ तो मासे, भरती, सरकारी रस्ता असे बोलत राहिला. मग म्हणाला,

“इनास, पाळी तुज्या घराची आसा. ती कोण काडून घेणा नाय. पण पाय उजवो धुतत रे. पाद्री नवो, इगर्ज भरलेली, बायका-पोरां… पास्कू बसलो तर घराची पाळी घराकच ऱ्हवली, नाय?”

पापांनी आपल्या पायाकडे पाहिले. तो त्यांनी बाकाखाली घेतला. “बरां,” ते म्हणाले.

“राग इलो तुका?”

“राग कित्याक? पास्कूक चिठी धाडूक होयी. देवगडाक आंब्याचो टायम, तेका रजा मेळाक होयी.”

बस्त्यांव गेला तशी आई बाहेर आली. “तुमच्या ताटातलो बांगडो कोणी उचलल्यान, तर तुमी तेका वयसून कडी पण वाढतल्यात!”

“मगे? सुको भात कसो खातलो तो?” पापा म्हणाले.

आईला हसू आले, आणि हसू आले म्हणून ती जास्तच चिडली. “नरमाई म्हंजे काय तां म्हायत आसा तुमका? जेच्यात कोणीय बोट घालूचां, तो भात नरम.”

पापा हसले नाहीत. मी ऐकत नाही असे समजून ते हळू म्हणाले, “कार्मिण, आनी चार वर्सांनी ह्यो पाय माका थंयसर नेतलो नाय. ह्यां माका म्हायत आसा. पण लोकांका शिसारी इली, तर ती माका खुर्चेर बसान बघूची लागतली. तां माका जमाचां नाय.”

तेव्हा मला कळले, की त्यांना ती खुर्ची किती हवी आहे. आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले. सगळ्या गावासमोर तो पाय उघडा पडणार नव्हता.

पास्कू तियू बुधवारी दुपारी देवगडहून आला. काकाला आम्ही तियू म्हणतो. तो तिथे आंब्याच्या वखारीत पेट्या भरायचे काम करी. येताना त्याने नवा सदरा आणला होता आणि माझ्यासाठी चार पिकलेले हापूस. हातांवर, पायांवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग. संध्याकाळी तो साबण घेऊन विहिरीवर गेला. पापा माझ्या खांद्याला धरून मागोमाग आले.

“हकडे हाड पाय,” पापा म्हणाले. ते धोंड्यावर बसले आणि त्यांनी भावाचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

“दादा, मी घासतंय मां.”

“तुका चीक काडूक येणा नाय. तेल लावूक होयां आदी.”

त्यांनी खोबरेल लावले, चोळले, मग काथ्याने घासायला घेतले. सत्यवती काकी शेजारच्या हिंदू वाडीतून पाण्याला आली होती. घागर ठेवून बघत राहिली. “पास्कू, ह्यो मान नवऱ्याचो रे! लगीन हां काय फाल्यां?”

“गुदगुल्यो जातत गो माका,” तियू हसत म्हणाला. पापाही हसत होते. ते बोटांच्या मधला चीक नखाने काढत होते, दुखू नये म्हणून फुंकर घालत होते. बोलत होते, की खुर्चीवर ताठ बस, पाद्रीच्या हातावर पायाचा भार टाकू नको, पाणी गार असते तेव्हा पाय एकदम मागे घेऊ नको. जणू स्वतः बारा वेळा बसले होते.

तियूचे हसणे कधी थांबले ते मला कळले नाही. तो विहिरीच्या काठावर मान खाली घालून बसला होता. पापांनी पाय पुसला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, “झाला. आता बरो दिसता.” तियूने साबण उचलला आणि तो घराकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा सदरा घालून “फुडे जातंय” एवढेच म्हणून घरातून निघाला.

आम्ही ऊन उतरल्यावर निघालो. इगर्ज भरली होती. बायका डोक्यावर पांढऱ्या ओढण्या घेऊन डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि मी नेहमीप्रमाणे पापांच्या शेजारी मागच्या बाकावर. दारात सत्यवती काकी आणि वाडीतली आणखी काही माणसे उभी होती. ती दर वर्षी बघायला येत. वेदीसमोर बारा खुर्च्या. अकरा भरल्या होत्या.

बारावी रिकामी होती. पास्कू तियू कुठे दिसत नव्हता.

बस्त्यांव पितळी भांडे धरून उभा होता आणि सारखा दाराकडे बघत होता. पाद्री नवा, तरुण, चष्मेवाला. त्याने कमरेला टॉवेल बांधला आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. गाणारे लॅटिनमध्ये गाऊ लागले. पाणी, टॉवेल, पुढची खुर्ची. पाणी, टॉवेल, पुढची खुर्ची. अकरा झाले. पाद्री बाराव्या खुर्चीशी आला आणि थांबला.

बस्त्यांव त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. पुढे चला, असेच असणार. पाद्रीने मान हलवली आणि मोठ्याने विचारले, “ही खुर्ची कोणाची?”

गाणारे गातच होते.

बायकांच्या बाजूने आवाज आला. बाजारात मासे विकणाऱ्या बाईसारखा, खणखणीत. “इनासाची!”

ती माझी आई होती.

सगळी इगर्ज मागे वळली. इतके चेहरे एकदम माझ्याकडे वळलेले मी त्यानंतर कधी पाहिले नाहीत. पापा कितीतरी वेळ हलले नाहीत. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. ते उठू पाहत होते. नेहमी हात आला की मी उठायची आणि माझ्या आधाराने ते उठायचे.

मी उठले नाही.

“पोलू,” ते हळूच म्हणाले.

मी फरशीकडे बघत राहिले. इतक्या माणसांमधून त्या पायाबरोबर चालत जायचे, माझ्या वर्गातल्या मुली पुढच्या रांगेत बसलेल्या. माझे पाय दगडाचे झाले होते, असे म्हणता आले असते, पण ते खरे नाही. मला उठता येत होते.

खांद्यावरचा हात उचलला गेला. हिसका न देता, वजन काढून घेतल्यासारखा. मी डोळे घट्ट मिटले.

पुढचे सगळे मी फक्त ऐकले. बाकांच्या कडा धरत धरत जाणाऱ्या त्यांच्या पावलांचा आवाज. एक पाय पडे, दुसरा घसटे. कोणीतरी खोकले. खुर्ची करकरली. मग थोडी कुजबुज झाली आणि थांबली. गाणे चालूच होते. ते गाणे बारा पायांच्या मापाने बसवलेले होते. बारावा पाय पुसून होतो न होतो तोच दर वर्षी ते संपे. त्या वर्षी ते संपले आणि पाय धुणे चालूच राहिले. गाणाऱ्यांना काय करावे कळेना, ते गप्प झाले. मग सगळ्या इगर्जीत फक्त पाण्याचा आवाज होता. थोडे पाणी, मग काहीच नाही, मग पुन्हा थोडे पाणी. एवढा वेळ एका पायाला लागतो, हे मला घरी रोज दिसत होते. तरी तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी डोळे उघडले तेव्हा पापा परत येत होते. पाद्री अर्ध्या वाटेपर्यंत त्यांच्यासोबत आला. पापा माझ्या शेजारी बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे धैर्य मला झाले नाही.

घरी जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, रोजच्यासारखा. का उठली नाहीस, हे त्यांनी विचारले नाही. आईनेही नाही. अंगणात पास्कू तियू बसला होता. नवा सदरा घामाने भिजलेला. तो सबंध वेळ इगर्जीच्या घंटेखाली उभा होता. आईने त्याला विचारले, “खंय होतंस मेल्या?” तो म्हणाला, “माज्या पायाक दादाचो हात लागलो. मगे आनी कोणाचो हात होयो कित्याक माका?” आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. पापांनी त्याला पाणी आणून द्यायला मला सांगितले.

तेव्हापासून मी लोकांना विचारत आले. काय झाले त्या वेळी? बघितले होते सगळ्यांनी, फक्त मी नाही. आई म्हणे, माका सगळां धुरकट दिसत होतां, माका विचारू नको. सत्यवती काकी दारातून बघत होती. ती सांगे, “गो, तुज्या बापाशीन डावो पाय फुडे केल्यान! बरो आसलेलो. पाद्र्याक तरास नको म्हणान. तर पाद्री मान हलयता. नाय म्हणता. आनी थंयच बसान ऱ्हवलो, हात पसरून, लहान पोराक बोलयतत तसो.” किती वेळ? मी विचारी. “बरोच येळ. मगे तुज्या बापाशीन उजवो दिल्यान.”

बस्त्यांव एकदाच बोलला, तेही खूप वर्षांनी. भांडे त्याच्या हातात होते. पाय त्यात मावला नाही. मग पाद्रीने तो आपल्या मांडीवर घेतला, पांढऱ्या झग्यावर. पापा वाकून म्हणाले, “हलक्यान, पाद्रीबाब. चीर आसा.” “माजे हात कापत होते,” बस्त्यांव मला म्हणाला, “भांड्यातलां पाणी हिंदकळत होतां. पाद्र्याचे नाय कापले.” मला आणखी विचारायचे होते, पण त्याने डोळ्यांना धोतराचा सोगा लावला आणि तो उठून गेला.

तो पाद्री दोन वर्षांत बदलून गेला. त्याला विचारायला मला सुचले, तोवर तो कुठे आहे हे सांगणारे कोणी नव्हते.

एकोणीसशे सहासष्टमध्ये मी नर्सिंग शिकायला मुंबईला निघाले. पापा मालवणच्या एस.टी. स्टँडवर मला पोहोचवायला आले, बैलगाडीतून. तेव्हा त्यांना चालवत नव्हते. बस सुटायला वेळ होता. आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. सात वर्षे पोटात ठेवलेले मी तिथे बोलले.

“पापा, तुमी उठलात, तेवां मी उठलंय नाय.”

त्यांना लगेच कळले, कधीचे ते. ते बैलाकडे बघत राहिले.

“तू थंय होतंस मां?”

“होतंय. पण डोळे मिटलेले. माका लाज वाटली.”

“माका पण वाटली होती,” ते म्हणाले. “म्हणान तर डावो फुडे केलंय.” मग त्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली, तिचा बंद सैल झाला होता तो नीट बांधला. “डोळे मिटान बसलेलां माणूस पण इगर्जीतच असता गो. भायर नसता. तेचो हिशोब कोण घेणा नाय.”

कंडक्टरने घंटी दिली. मी चढले. खिडकीतून बघितले तर ते गाडीवानाशी काहीतरी बोलत होते, हसत होते.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. तार मला उशिरा मिळाली आणि वाटेत नद्यांना पूर. मी पोहोचले तोवर सगळे झाले होते. खारेपाटणला अडकलेल्या बसमध्ये मी दीड दिवस बसून होते.

आज मला पापांच्या त्या दिवशीच्या वयाहून कितीतरी अधिक वर्षे झाली. नोकरीत मी किती पायांना हात लावला त्याची गणती नाही. ते बोलले ते मला पटलेले आहे; त्यांनी मला बाहेर ठेवले नाही, हे मला कळते. त्याच्यावर मी इतकी वर्षे काढली. पण अजूनही कधी दुपारी पडल्या पडल्या मी ती इगर्ज डोळ्यांपुढे आणते. बायकांच्या ओढण्या दिसतात, बस्त्यांव दिसतो, पाद्रीचा चष्मा दिसतो, खुर्चीपर्यंत सगळे दिसते. खुर्चीवर बसलेले पापा मात्र दिसत नाहीत. दुसऱ्यांनी सांगितलेल्या तुकड्यांतून मी त्यांना जुळवते, पण त्यांचा चेहरा त्यात कोणीच सांगितलेला नाही. तो बघायला तिथे मी होते.

मला तो बघायचा होता.